आधी पेट्या, मग तंबू

नारायणगावात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. सिमेंट, सळई, फरशा, नळ, संडासाची भांडी, सगळं मिळतं. घर बांधणारा माणूस दुकानात शिरला की काम कुठवर आलंय ते मी त्याच्या चेहऱ्यावरून सांगतो. पायाच्या वेळी तो रुबाबात येतो, स्लॅबच्या वेळी घाईत येतो आणि फरशीच्या वेळी बायकोला घेऊन येतो. बायको ज्या फरशीवर हात ठेवते तिच्याकडे तो बघतच नाही, कारण तिचा भाव त्यानं आधीच विचारून ठेवलेला असतो. मग दोघं बाहेर टपरीवर जाऊन हळू आवाजात भांडतात आणि परत येऊन तिसरीच फरशी घेतात. ती दोघांनाही आवडलेली नसते. उभा जन्म हेच बघत आलोय, त्यामुळे घर बांधणाऱ्यांबद्दल माझं मत काही फार चांगलं नाही. अपवाद एकच, आमच्या वारूळवाडीचा रखमाजी.

रखमाजी माझा शाळेतला सोबती. शाळा सुटल्यावर मी वडिलांच्या गल्ल्यावर बसलो आणि तो तमाशाच्या फडात गेला. नाचगाण्याशी त्याचा काही संबंध नाही. त्याचा आवाज असा की त्यानं हाक मारली तरी कुत्री उठून जातात. तो गेला तंबूवर. दसऱ्याला फड निघायचा तो वैशाखात, जत्रा सरल्या की परत यायचा. मधले सगळे महिने रोज नवं गाव. दुपारी नुसतं रान, दिवेलागणीला त्याच रानात तंबू, स्टेज, बायांची राहुटी, गड्यांची राहुटी, भटारखाना, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नुसतं रान. पुढं तो तंबूचा मुकादम झाला. जमीन चढाची असो, खडकाची असो की कालच भिजवलेली, रखमाजी एकदा नजर फिरवायचा, कुठली मेख कुठं ठोकायची ते सांगायचा आणि तासाभरात सगळ्या फडाला घर मिळायचं.

त्याचं स्वतःचं घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. ते घर त्याच्या बायकोनं, चिमाबाईनं चालवलं. टोमॅटोच्या हंगामात खुडणीला जाणं, सासऱ्याचं आजारपण, मुलाचं, आदेशचं, डिप्लोमाचं शिक्षण, पावसात उडालेले पत्रे, सगळं तिनंच निस्तरलं. रखमाजी पैसे पाठवायचा, त्यात कुचराई त्यानं कधी केली नाही, पण माणूस म्हणून तो घरी असायचा फक्त पावसाळ्यात. चिमाबाईनं कधी तक्रार केल्याचं आम्ही ऐकलं नाही. तिनं काही मागितल्याचंही ऐकलं नाही. गावातल्या सगळ्या बाया माझ्या दुकानात कधी ना कधी येऊन गेल्या, ही एक कधी आली नाही.

त्या घरात दाराच्या मागं रखमाजीची पत्र्याची निळी पेटी असायची. फडाबरोबर जाणारी पेटी. त्याचे सदरे, पंचे, दाढीचं सामान, सगळं तिच्यात. गुडघे बोलायला लागल्यावर त्यानं फड सोडला, पण पेटी दाराशीच राहिली. घरात कपाट असताना हा गडी रोज पेटीतून कपडे काढायचा आणि धुऊन वाळले की पेटीत ठेवायचा. दसरा आला की फडाचा मॅनेजर फोन करायचा, नवी पोरं तंबू नीट ताणत नाहीत म्हणायचा, आणि रखमाजी दोन दिवसांत येतो सांगून निघायचा. यायचा महिन्याभरानं. मी त्याला तोंडावर म्हणायचो, तू चिमाबाईच्या घरात पाहुणा आहेस. तो हसायचा. ती हसायची नाही.

मग रस्त्याच्या रुंदीकरणात त्यांचा रानाचा एक तुकडा गेला आणि त्याचे पैसे आले. त्यात आदेशनं चाकणच्या कंपनीतल्या पगारातून साठवलेले घातले. एवढ्याच पैशांत घर बसवायचं, असं ठरलं. आणि ठरल्या दिवसापासून घरात शांतता म्हणून राहिली नाही.

आदेशला वरचा मजला हवा होता. वर मजला म्हणजे आतून जिना, आणि जिना हॉलमधून वळत गेलेला, स्टीलचा कठडा असलेला. चाकणला त्याच्या साहेबाकडे तसा आहे. त्याची बायको हर्षाली ब्लाउज शिवते. तिला उभं राहून स्वयंपाक करता येईल असा ओटा हवा होता आणि मशीनला खोली हवी होती. प्राची, त्यांची मुलगी, अकरावीला. तिला कुणी न विचारता आत येणार नाही अशी खोली पाहिजे होती. खुद्द रखमाजीला हवी होती मोठी पडवी, फडातली माणसं आली तर मांडीला मांडी लावून बसतील एवढी. चिमाबाई म्हणाली, तुम्ही कराल ते चांगलंच असंल.

नारायणगावातल्या इंजिनिअर मॅडमनी सगळ्यांचं ऐकून नकाशा काढला. नकाशा देखणा होता. अंदाजपत्रक बघितल्यावर मात्र रखमाजीनं चष्मा पुसून पुन्हा बघितलं. हातात होते त्याच्या जवळजवळ दुप्पट. आदेश म्हणाला, कर्ज काढू. रखमाजी म्हणाला, न्हाई. फडात उचल घेऊन जन्म गहाण टाकलेली माणसं त्यानं जवळून पाहिली होती, त्यामुळे या बाबतीत तो ऐकणारा नव्हता. मग कमी काय करायचं? जिना कमी कर म्हटलं की आदेश चिडायचा, मशीनची खोली म्हटलं की हर्षाली गप्प व्हायची, पडवी म्हटलं की रखमाजीच उठून जायचा. नकाशावर बोट ठेवून भांडता भांडता कागद मधोमध फाटला.

एके सकाळी रखमाजी माझ्याकडं आला आणि फक्कीचं पोतं मागितलं. रांगोळीसारखी ती पांढरी भुकटी, आखणी करायला लागते. मला वाटलं, पाया आखतोय. मागोमाग मीही गेलो, कारण पाया म्हणजे सिमेंटची ऑर्डर. जाऊन बघतो तर फडाच्या टेम्पोतून जुन्या कनाती, दोर आणि मेखांचा ढीग घराशेजारच्या जागेवर उतरलेला. फडाच्या मालकाकडून मागून आणलेला.

"आदेश, तुझं सामान आण," रखमाजी म्हणाला. "समद्यांनी आपापलं सामान आणा आन या मोकळ्या जागंत मांडा. जसं पायजे तसं."

त्याची रीत अशी होती. फडात नवा हंगाम सुरू झाला की पहिल्या मुक्कामी तो राहुटी आधी ताणायचा नाही. प्रत्येकानं आपली पेटी आणि वळकटी मोकळ्या रानात जिथं हवी तिथं मांडायची. पटत नसेल तर तिथंच उघड्यावर भांडून घ्यायचं. सगळ्या पेट्या बसल्या की मग त्यांच्या भोवतीनं मेखा ठोकायच्या. आधी पेट्या, मग तंबू. आपण नेमकं उलटं करतो, हे मला माझ्या दुकानात बसून कधी सुचलं नव्हतं. आपण भिंती मागतो. काय ठेवायचंय ते नंतर बघतो.

वारूळवाडीला फुकटचा खेळ मिळाला. भर उन्हात फ्रिज, टीव्ही, कॉट, शिलाई मशीन रानात मांडलेलं, आणि जे अजून घ्यायचंय ते फक्कीनं आखलेलं. पहिल्या दिवशी आदेशनं सोफा एका टोकाला आणि टीव्ही पार दुसऱ्या टोकाला ठेवला. तिथून टीव्हीतला माणूस बाई आहे की बुवा तेही कळेना. संध्याकाळपर्यंत त्यानं स्वतःच सोफा पुढं ओढला आणि हॉल निम्मा झाला. हर्षालीनं मशीन आधी आतल्या बाजूला मांडलं. मग गावातली सरूबाई ब्लाउजचं माप द्यायला आली ती मशीनपर्यंत जाताना सगळ्या घरातून, म्हणजे आखलेल्या मोरीतूनसुद्धा, चालत गेली. हर्षालीनं मशीन उचलून थेट पडवीच्या कडेला आणलं. रखमाजीची पडवी थोडी गेली, पण मशीनपाशी बाया बसणार, पडवीत माणसं बसणार, बोलणं दोन्हीकडं ऐकू येणार, यावर तो खूश झाला. प्राचीनं टेबल ठेवलं, खुर्ची ठेवली, गादी ठेवली, आणि तिची खोली एवढी लहान झाली की तिची तिलाच गंमत वाटली. तिनं एवढंच सांगितलं की दाराला आतून कडी हवी. कुणी कुणाला काही सोड म्हणालं नाही. रोज थोडं थोडं ज्याचं त्यानंच आत घेतलं. राहिला आदेशचा जिना. तो त्यानं फक्कीनं पायरी न् पायरी आखून ठेवला होता आणि त्यावरनं कुणी चाललं की ओरडायचा.

आता कनाती ताणायच्या, गवंड्याला बोलवायचं आणि पावसाच्या आत पाया भरायचा. पण रखमाजी मेख ठोकेना. म्हणाला, एक पेटी राहिलीय.

चिमाबाईनं काहीच मांडलं नव्हतं.

तिला विचारलं तर म्हणायची, माझं काय, मी कुठंबी पडंन. हर्षालीनं देवघर सुचवलं, चिमाबाई हो म्हणाली. प्राचीनं आजीला कपाट सुचवलं, त्यालाही हो म्हणाली. रखमाजी म्हणाला, ते यांचं झालं, तुझं काय? शेवटी ती वैतागली आणि जेवणखाण टाकून रानात निघून गेली. दिवस जायला लागले. गवंडी दुसरं काम धरीन म्हणून धमकावून गेला. आदेश बापावर चिडला, की आईला बोलायचं नाही तर का छळताय. मला आदेशचं पटलं. मी रखमाजीला चांगलं झापलं. म्हटलं, चारचौघांत बाईला असं उभं करतोस, लाज वाटत नाही का? उगाच हट्टाला पेटून पावसाळा अंगावर घेतोयस.

दोराच्या वेटोळ्यावर बसून त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "शेठ, फडात नवी पोरगी आली की असंच म्हणायची. मला कुठंबी चालंल. आमी आपलं बरं म्हणून राहुटी ताणायचो. मग ती समदा हंगाम दारात झोपायची, वाऱ्यात. आन फुडल्या साली यायचीच न्हाई." मग दोराचं टोक चाचपत तो म्हणाला, "आदेशची आई लई सालं वाऱ्यातच झोपली. आता परत तिला दारात ठिवून मी तंबू ताणायचा न्हाई."

मी दुकानात येऊन बसलो आणि त्या दिवशी गिऱ्हाइकांवर जरा जास्तच खेकसलो.

दोन-तीन दिवसांनी दुपारी प्राची आली. म्हणाली, आजीनं चार विटा मागितल्यात. मी म्हटलं, अगं, मी विटा विकत नाही. आणि म्हणता म्हणता माझ्या डोक्यात आलं की चिमाबाईनं जन्मात पहिल्यांदा माझ्या दुकानातून काहीतरी मागितलंय. गोदामाच्या मागं पडल्या होत्या त्यातल्या चार धडक्या विटा निवडल्या, स्कूटरवर ठेवल्या, प्राचीला मागं बसवलं आणि दुकान तसंच उघडं टाकून गेलो.

चिमाबाईनं ती निळी पेटी दाराच्या मागून काढली होती. एकटीनं. पदर खोचून ती पेटी मातीतून ओढत नेत होती, आणि जुन्या घराच्या उंबऱ्यापासून तिच्या मागं मातीत ओढल्याची रेघ उमटली होती. आदेश धरायला गेला तर तिनं हातानंच थांब म्हणून सांगितलं. पडवी ओलांडून, हॉल ओलांडून, दोरावर बसलेल्या रखमाजीच्या समोरून ती पार आतल्या कोपऱ्यात गेली. तिथं पेटी ठेवली. मग हर्षालीला आणि आदेशला म्हणाली, माझी खाट आणा.

खाट आली. पेटीवर बसेना, खाट बुटकी आणि पेटी उंच. म्हणून विटा. तिनं चारी पायांखाली एकेक वीट सरकवली, खाट हलवून बघितली, पेटी पायानं आत लोटली. आणि खाटेवर बसली. तिला दम लागला होता.

"ही हितं राहील," ती म्हणाली. "दाराशी न्हाई ठिवायची आता. काढायची झाली तर मला उठवून काढायची."

हर्षालीनं तोंडाला पदर लावला. मी म्हाताऱ्या माणसासारखा रडतो असं माझी बायको म्हणते, तर म्हणू दे, मी रडलो. एवढी सगळी वर्षं त्या बाईनं रोज उठून दाराशी ती पेटी बघितली असणार. केर काढताना ती बाजूला सरकवली असणार आणि परत जागेवर ठेवली असणार. आम्ही तिला मागणं नसलेली बाई म्हणत होतो. तिचं मागणं दारामागंच होतं आणि त्याला पैसा लागणार नव्हता, म्हणून आम्हाला कुणाला ते दिसलं नाही.

रखमाजी उठला. त्यानं घण घेतला, मेख त्या खाटेच्या कोपऱ्यापाशी धरली आणि पहिला घाव चुकला. फडाच्या मुकादमानं मेख चुकवलेली मी तेव्हाच बघितली. दुसरा घाव बरोबर बसला. तिथूनच घर सुरू झालं.

संध्याकाळपर्यंत कनातींचं घर उभं राहिलं. खोल्या, दारं, पडवी, सगळं. दुसऱ्या दिवशी इंजिनिअर मॅडम आल्या आणि कौतुकानं सगळ्या खोल्यांतून फिरल्या. पार बसल्या, वाकल्या, दारं मोजली. मग टेप गुंडाळत म्हणाल्या, काका, सगळं झकास आहे, पण कापडाला जाडी नसते, भिंतीला असते. विटांच्या भिंती आल्या की प्रत्येक खोली आत येणार.

रखमाजीनं कपाळावर हात मारला. उभ्या आयुष्यात त्यानं जाडी असलेली भिंत कधी उभी केलीच नव्हती, मग ते ध्यानात कुठून येणार? तो इतका मोठ्यानं हसला की मॅडमही हसायला लागल्या. पण हसणं ओसरल्यावर मॅडमनी शांतपणे दाखवलं की कुठं अडतंय. बाकीच्या खोल्या थोड्या आवळून बसत होत्या. जिना आणि आतली खोली मात्र दोन्ही एकत्र बसत नव्हती. जिना ठेवला तर खाट आडवी पडणार नाही. खोली वाढवायची तर पैसे नाहीत.

रखमाजीनं आदेशकडं बघितलंही नाही. तो नुसता दोर गुंडाळत राहिला. हे मला त्याचं सगळ्यात मोठं वाटतं. बाप म्हणून दोन शब्द बोलायला त्याला कुणी अडवलं नव्हतं, पण फडाच्या रीतीत मुकादम कुणाची पेटी हलवत नाही.

आदेश आपल्या पांढऱ्या पायऱ्यांपाशी गेला. मग त्यानं खालच्या पायरीवर चप्पल घासली. दुसऱ्या पायरीवर घासली. वरपर्यंत सगळा जिना त्यानं पायानं पुसून टाकला.

"मॅडम, वरच्या मजल्यासाठी सळया वर सोडून ठेवा," तो म्हणाला. "जिना बाहेरून काढू, जमंल तेव्हा."

मॅडम म्हणाल्या, तसं सहज करता येईल, आणि घर हातातल्या पैशात बसलं. पडवीला चांगली शहाबादी फरशी घालण्याइतके उरलेही. ती फरशी रखमाजी आणि चिमाबाई दोघं माझ्या दुकानात येऊन घेऊन गेले. चिमाबाईनं ज्या फरशीवर हात ठेवला तीच घेतली, बाहेर टपरीवर न जाता. मी कमी सामान विकलं त्या घराला, हे खरं आहे. धंद्याच्या हिशेबानं मला त्याचं वाईट वाटायला हवं, पण वाटत नाही. आता कुणी नकाशा घेऊन दुकानात आलं की मी त्याला विचारतो, घरात ठेवायचं काय काय आहे? लोक माझ्याकडं म्हातारा चळला अशा नजरेनं बघतात.

पाया पावसाच्या आत भरला आणि उन्हाळ्याआधी माणसं राहायला गेली. त्यानंतरच्या दसऱ्याला फडाचा मॅनेजर स्वतः गाडी घेऊन आला. फोनवर रखमाजी दाद देत नव्हता म्हणून. दुपारची वेळ होती. मीही पडवीत बसलो होतो. हर्षालीचं मशीन चालू होतं, तिनं ते थांबवून चहा टाकला. मॅनेजरनं पुष्कळ गळ घातली. दोनच दिवस या, नवी पोरं तणावाचे दोर सैल सोडतात, मालकानं खास तुमचं नाव घेतलंय. रखमाजीचा चेहरा उजळत होता, मला दिसत होतं. तंबूचं नाव काढलं की त्याचे हात मांडीवर आपोआप दोर ओढल्यासारखे हलतात.

मग तो म्हणाला, "पेटी खाटंखाली हाय राव. आदेशची आई निजलीया वर."

मॅनेजरनं आत डोकावून बघितलं. म्हणाला, मग उठवा की, दुपारचीच तर झोप आहे.

रखमाजीनं आतल्या खोलीचं दार हळूच ओढून घेतलं.

"झोपू द्या तिला," तो म्हणाला. "लई सालं जागी व्हती."

मॅनेजर चहा पिऊन गेला. हर्षालीनं मशीन सुरू करायला हात घातला आणि आतली चाहूल घेऊन तसाच मागं घेतला. मी आणि रखमाजी पडवीत बसून राहिलो, हळू आवाजात बोलत.